आचार्यांच्या कंठ्यातील एक संख्या



दिवाळीच्या सुट्टीत लातूरला एका स्नेह्यांच्या आडत दुकानात बसलो होतो. बाहेर यार्डात सोयाबीनचे सौदे चालले होते. गादीवर त्यांचा सातवीतला नातू येऊन बसलेला. हाताला काम नव्हते म्हणून तो दुकानातील बारा अंकी कॅल्क्युलेटरवर एकाचीच कळ दाबत होता. सहा वेळा एक, मग गुणिले, पुन्हा सहा वेळा एक. बरोबरची कळ दाबली आणि तो दचकला. "आजोबा, मशीन बिघडलं वाटतं," असे म्हणून त्याने ते माझ्यापुढे धरले. पडद्यावर आकडा होता : १२३४५६५४३२१.

मशीन बिघडलेले नव्हते. बँकेतील सवयीने मी त्या आकड्यात स्वल्पविराम घातले, १२,३४,५६,५४,३२१, आणि तो वाचला : बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. हल्ली एवढ्या रकमा कंपन्यांच्या ताळेबंदात सहज दिसतात, तेव्हा आकाराने ही संख्या काही अचाट म्हणता येणार नाही. आपल्या आगमांतील शीर्षप्रहेलिका पाहावी. चौऱ्याऐंशी लाखांना चौऱ्याऐंशी लाखांनी गुणत अठ्ठावीस पायऱ्या चढल्यावर १९४ अंकांची ती संख्या येते. तिच्यापुढे आमची ही संख्या म्हणजे किरकोळ उलाढाल. पण मुलाला चकित केले ते तिच्या आकाराने नव्हे. एकापासून सहापर्यंत चढून ती त्याच पायऱ्यांनी खाली उतरते, डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच राहते.

मी त्याला कागद घ्यायला सांगितले. १११११११ असे सात नव्हे, १११११११ मधील एक खोडून सहाच एक लिहायला लावले (घाईत त्याने पहिल्यांदा एक जास्तच लिहिला होता). शाळेतील रीतीने गुणाकार मांडला की १११११११ऐवजी १११११११ येत नाही, तर १११११११ पेक्षा एक अंक कमी असलेली तीच ओळ, १११,१११, सहा वेळा एकाखाली एक येते आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. आता उभ्या रकान्यांची बेरीज करायची. अगदी उजवीकडच्या रकान्यात एकच १ आहे, पुढच्यात दोन, त्यापुढच्यात तीन, मधल्या रकान्यात सहा, आणि मग पुन्हा पाच, चार, तीन, दोन, एक. कोणत्याही रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. हातचा नाही म्हणून नक्षी मोडत नाही. मुलाच्या चेहऱ्यावरून कळले की त्याला कळले.

या संख्येशी आपल्या समाजाचे नाते मात्र फार जुने आहे. इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. नामसाधर्म्यामुळे काहींचा घोटाळा होतो, म्हणून सांगतो : हे आचार्य भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर सुमारे पावणेचौदाशे वर्षांनी झाले. ग्रंथाच्या आरंभी त्यांनी राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याचा गौरव केला आहे. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. हे राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर असे अनेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा भुईकोट किल्ला आणि त्याजवळचा जगत्तुंग सागर हा तलाव हीदेखील त्याच घराण्याची आठवण. एवढ्यावरून आचार्यांना लातूरकर ठरविण्याचा मोह टाळावा. परंतु ज्या राजवटीत हा ग्रंथ लिहिला गेला तिचे मूळ आपल्या अंगणात होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

ग्रंथ वाचताना माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. त्यात व्याजाची गणिते आहेत, भागीदारांत नफा वाटण्याची आहेत, निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटविण्याची आहेत. अंक शब्दांत सांगण्याची आचार्यांची रीतही आपल्या ओळखीची : तीन म्हणायचे तर 'रत्न', सहा म्हणजे 'द्रव्य', सात म्हणजे 'तत्त्व', आठ म्हणजे 'कर्म'. मद्रासहून १९१२ साली प्रा. रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो आणला. जिज्ञासूंनी आपल्या मंदिराच्या ग्रंथालयात अवश्य शोधावा. कित्येक ठिकाणी तो कपाटात असतो आणि कोणी उघडलेला नसतो.

याच ग्रंथात गुणाकाराची काही उदाहरणे अशी आहेत की उत्तर माळेसारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावे. आचार्य त्यांना कंठाभरणाची, गळ्यातील कंठ्याची उपमा देतात. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एक मिळतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, दोन टोकांना एकेक १ आणि मध्ये आठ शून्ये. ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणले की ११००००११००००११ येते. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की येते आमची संख्या, १२३४५६५४३२१. तिचे वर्णनही त्यांनी एकापासून सहापर्यंत चढणारे व मग क्रमाने उतरणारे अंक असेच केले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सहा एकांचा वर्ग करा, असे त्यांनी विचारले असते तर उत्तर दारातच उभे होते. त्यांनी ते दार बंद केले आणि दोन ओबडधोबड संख्या पुढे ठेवल्या. त्या आल्या कोठून? मी एका दुपारी हे उकलून पाहिले. ४४१ हा २१ चा वर्ग आहे. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग निघतो. २१ म्हणजे ३ गुणिले ७; ५२९१ म्हणजे ११ गुणिले १३ गुणिले ३७. या पाच मूळ संख्यांचा एकमेकांशी गुणाकार केला की बरोबर सहा एक मिळतात. पडताळा सोपा आहे : ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१, ३ आणि ३७ यांचा १११, आणि १११ ला १००१ ने गुणले की १११ दोनदा शेजारी शेजारी बसतो.

म्हणजे माळेत पाच मणी आहेत, प्रत्येक दोनदा ओवलेला. आचार्यांनी ३ आणि ७ एका मुठीत ठेवले, उरलेले तीन दुसऱ्या मुठीत. तीन म्हणजे रत्न आणि सात म्हणजे तत्त्व, असे माझ्या मनात आले खरे, पण हा माझा कल्पनाविलास. ग्रंथात तसे काही सुचविलेले नाही, आणि कृपया कोणी ते मोबाईलवर पुढे पाठवू नये. आपल्या पूर्वसूरींचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी त्यांच्या तोंडी नसलेली वाक्ये घालण्याची गरज नाही. जे लिहिले आहे तेच पुरेसे आहे.

प्रत्येक मणी एकदाही न घेता, एकदा घेऊन किंवा दोनदा घेऊन जेवढे गुणाकार होतात तेवढे या संख्येचे विभाजक. पाच मण्यांना प्रत्येकी तीन पर्याय, म्हणून एकूण २४३. इतकी रुपयांची रक्कम सात भागीदारांत वाटा, अकरांत वाटा, तेरांत वाटा, शेष राहत नाही. दोघा भावांत मात्र तिची समान वाटणी होत नाही. एक रुपया उरतोच.

तीन हा मणी दोनदा असल्यामुळे ही संख्या नवानेही निःशेष भागते. हे भागाकार न करता कळते. अंकांची बेरीज करावी : १ ते ६ आणि परत १, एकूण ३६, पुन्हा ३ आणि ६ मिळून ९. दहा, शंभर, हजार, कोणत्याही स्थानाला नवाने भागले तर बाकी एकच उरते, म्हणून अंक कोठेही बसला तरी नवाच्या दृष्टीने त्याचे मोल तेवढेच. या साध्या गुणधर्माने माझ्या नोकरीत एका माणसाची अब्रू वाचविली. ती गोष्ट आजवर मी लिहिली नव्हती, कारण तीत दोष माझा होता.

तीसेक वर्षांपूर्वीची हकीकत. मी नांदेडला एका शाखेत अधिकारी होतो. संगणक आले नव्हते, खातेवह्या हाताने लिहिल्या जात. जुन्या मोंढ्यातील एक भुसार व्यापारी माझ्याकडे आले आणि दार लोटून बसले. त्यांच्या रोजकीर्दीत बँकेत भरलेली रक्कम आणि पासबुकातील जमा यांत ४५,००० रुपयांचा फरक पडत होता. भरणा नेहमी त्यांचे मुनीमजी करीत. शिक्क्याचा पावतीचा तुकडा सापडत नव्हता. "साहेब, बावीस वर्षांचा माणूस आहे. विचारू तरी कसं, आणि न विचारू तरी कसं?" शेठजी एवढेच बोलले. मुनीमजी बाहेर बाकावर बसले होते. आठ दिवस दुकानात त्यांच्याशी कोणी धड बोलले नव्हते, आणि त्यांनीही शब्द काढला नव्हता.

पंचेचाळीस हजार हा आकडा ऐकून माझ्या मनात प्रथम आले ते नऊ. शेजारचे दोन अंक लिहिताना उलटसुलट झाले तर येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. दहा आणि एक यांतील अंतर नऊ, तेच सर्वत्र पसरते. शिवाय फरकच सांगतो की चूक कोठे शोधावी. ४५,००० म्हणजे नऊ हजारांची पाचपट. म्हणजे अदलाबदल दशहजार व हजार या घरांत, आणि त्या दोन अंकांतील अंतर पाचाचे. आमच्या वहीत जमा कमी दिसत होती, तेव्हा सुरुवातीला १६, २७, ३८ किंवा ४९ असलेली, नाहीतर पाच हजारांच्या घरातली नोंद शोधायची. मी खाते उघडले. त्या महिन्यात अशी एकच नोंद होती : २७,६००. व्हाउचरांचा गठ्ठा काढला. भरणा पावती ७२,६०० ची होती. रोखपालाच्या नोंदीतही ७२,६००. खतावणी करताना लिपिकाच्या हातून सातावर दोन आधी पडला होता, आणि त्या नोंदीसमोर तपासल्याची लाल खूण होती. ती माझी होती.

पुढे दुरुस्ती झाली, शेठजींना लेखी पत्र दिले. त्या वर्षी क्षमावाणीला मी मुनीमजींच्या घरी गेलो. ते संकोचले, चहा झाला, आणि निघताना म्हणाले, "साहेब, तो नवाचा नियम आमच्या पोराला सांगाल का?"

आता एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर कोणी नवावर फाजील विश्वास ठेवील. फरक हाती आल्यावर नऊ उपयोगी पडतो. नुसत्या पडताळ्याला तो आंधळा आहे. २७,६०० ची अंकबेरीज १५ आणि ७२,६०० चीही १५. अंक जागा बदलले तरी नवाला त्याचा पत्ता लागत नाही. तेथे अकराची कसोटी लागते. उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-उणे करीत जायचे. ७२,६०० ला अकराने भागून काही उरत नाही, २७,६०० ला भागून एक उरतो; चोर सापडला. शेजारच्या दोन भिन्न अंकांची अदलाबदल अकरा कधीच नजरेआड करीत नाही. आमच्या संख्येवरही हे करून पाहावे : एकाआड एक अंक घेतल्यास १, ३, ५, ५, ३, १ यांची बेरीज १८, आणि उरलेल्या २, ४, ६, ४, २ यांचीही १८. वजाबाकी शून्य, म्हणून अकराने निःशेष भाग. पुस्तकांना पूर्वी दिला जाणारा दहा अंकी आयएसबीएन क्रमांक याच अकराच्या तत्त्वावर तपासला जाई. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही तपासणीचाच असतो. त्याची रीत वेगळी आहे, पण अंकांची अशी अदलाबदल पकडणे हे तिचेही काम.

आचार्यांनंतर सुमारे अकराशे वर्षांनी हीच माळ आपल्या महाराष्ट्रात पुन्हा एकाच्या हाती लागली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा या कुटुंबातील संख्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि डोंबिवली स्थानकावर ही कल्पना सुचली म्हणून त्यांना 'डेम्लो' संख्या असे नाव दिले. पदवी बी. एस्सी.; संशोधनाची नोकरी नाही, विद्यापीठाचा आधार नाही. जाणत्या मंडळींनी पुष्कळ काळ त्यांना गंभीरपणे घेतले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि मग जगाला देवळालीचे मास्तर ठाऊक झाले. मला याचे अजूनही वाईट वाटते. आपल्या माणसाची ओळख आपल्याला परगावच्या पत्राने पटावी!

त्यांचा ६१७४ हा स्थिरांक अनेकांनी ऐकला असेल. चार अंक घ्या, सगळे सारखे नसावेत. मोठ्यापासून लहान आणि लहानापासून मोठा असे मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. मी मोंढ्यातल्या त्या पावतीचेच अंक घेतो, ७२६०. ७६२० वजा ०२६७ बरोबर ७३५३. ७५३३ वजा ३३५७ बरोबर ४१७६. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. आता कितीही करा, ६१७४ च येत राहते. यातील प्रत्येक वजाबाकी नवाच्या पटीत आहे, हे मुनीमजींच्या फरकाचेच भावंड.

माळ किती लांबविता येते? नऊ एकांच्या वर्गापर्यंत ती शाबूत राहते : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा जन्मतो, तो डावीकडच्या नवाला जाऊन मिळतो, तोही दहा होतो, तेथला हातचा आठाला मिळतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ नाहीसा झालेला. आणि गंमत अशी की आचार्यांच्या उदाहरणांत १२३४५६७९ ही संख्याही आहे, आठ गाळलेली. तिला नवाने गुणले की नऊ एक मिळतात. आठ गळण्याचे कारण दोन्हीकडे एकच, तो हातचा.

हे सारे त्या दिवशी मी मुलाला सांगितले नाही. सातवीच्या पोराला इतके पेलणारही नाही. मी फक्त म्हणालो, आता सात एक घेऊन बघ. त्याने कळा दाबल्या. उत्तर तेरा अंकी, मशीन बारा अंकी. पडद्यावर चुकीची खूण आली. "आता मात्र खरंच बिघडलं," तो म्हणाला. मग आजोबांनी बाजूला ठेवलेली एक जुनी हिशेबपट्टी त्याने उलटी केली आणि तिच्या पाठीवर सात एकांची पहिली ओळ लिहायला घेतली.